पहिले पाचशे किलोमीटर

भंगारवाल्याच्या आवारात त्या दिवशी दोन माणसं एकाच वस्तूला दोन बाजूंनी ओढत होती, आणि पलीकडे कुणी आहे याचा दोघांनाही पत्ता नव्हता. ती ढिगाच्या या अंगाला गुडघे टेकून बसली होती. हात कोपरापर्यंत आत. बोटांना ओळखीची कड लागली होती – मोटरसायकलच्या इंजिनाचा खालचा डबा, क्रँककेस. तिने ओढली. केस जराशी आली आणि परत आत गेली.

तिने दातओठ खाऊन पुन्हा ओढली. पुन्हा तेच.

"अहो, सोडा ना जरा," ढीग बोलला.

ती दचकली. "कोण आहे?"

"मी आहे. बराच वेळ आहे."

"मी आधी धरलीय."

"असेल. पण तुम्ही ओढलंत की माझी बोटं चेमटतात."

तेवढ्यात वरचं मडगार्ड घरंगळलं आणि पलीकडून एक चेहरा उगवला. नाकावर गंजाचा पट्टा, चष्म्याच्या एका काचेवर अंगठ्याचा ठसा, आणि अशा अवस्थेतही ओठांवर हसू... ती बघत राहिली. आपण बघत राहिलोय हे ध्यानात आलं तेव्हा तिने घाईने नजर केसकडे वळवली. केस मात्र खरोखर बघण्यासारखी होती. दोन्ही अर्धे शाबूत, एकमेकांना तारेने बांधलेले. उजवा तिच्या हातात, डावा त्याच्या.

आता केसचं असं असतं, की तिचे दोन अर्धे कारखान्यात एकत्रच कापतात. दोघांवर नंबर एकच. एका जोडीचा अर्धा दुसऱ्या जोडीला काही केल्या बसत नाही. भंगारवाला हे जाणून होता. तो खुर्चीवरून उठलाही नाही.

"जोडी फोडून द्यायचा नाही मी," तो म्हणाला. "आधी आपसांत काय ते ठरवा, मग या."

आपसांत ठरवायला दोघं उलट्या खोक्यांवर बसली. तो गावाच्या रस्त्यांची मोजणी करायला आला होता आणि तो एव्हाना गावाचा 'मोजणीवाला' झाला होता. मामाची जुनी मोटरसायकल त्याच्याकडे आली होती. टाकी, चाकं, सीट, सगळं झकास. फक्त इंजिन नव्हतं.

"मामाने ते काढून पंपाला जोडलं," तो म्हणाला. "पंप उत्तम चालतो. मी गाडी ढकलतो."

तिला हसू आवरेना. ही गाडी आता कुठे बनत नव्हती, त्यामुळे इंजिन मिळायचं तर असंच, तुकड्या-तुकड्याने. आणि नेमकं असंच एक इंजिन बांधायचं तिच्या मनात कधीपासून होतं. तिच्या बाबांचं वर्कशॉप होतं. तिथे तिने शेकड्याने इंजिनं उघडली होती, मिटली होती, पण सगळी दुसऱ्याची, सगळी दुरुस्तीची. अगदी शून्यापासून उभं केलेलं, आपलं म्हणावं असं एकही नाही.

"गाडी तुमची, इंजिन माझं," ती म्हणाली. "बांधणार मी. तुम्ही भाग शोधून आणायचे."

"आणि मी हात नाही लावायचा?"

"लावा की. पुसायला."

*

मोजणीवाला संध्याकाळी काम संपवून यायचा, बगलेत बिघडलेल्या नकाशाच्या कागदात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन. ती पुडकं उलगडायची, आणि तो परीक्षेच्या निकालाला आल्यासारखा उभा राहायचा. कधी आतून चांगला पिस्टन निघायचा, कधी भलतंच.

"हे काय आहे?" तिने एकदा विचारलं.

"रॉकर. व्हॉल्व्ह दाबतो तो. तुम्हीच वर्णन केलं होतं."

"हा शिलाई मशीनचा भाग आहे."

"म्हणजे नाही चालणार?"

"चालेल. इंजिन शिवायचं असेल तर."

तो मान खाली घालून कागद गुंडाळायला लागला. तिने तो शिलाई मशीनचा तुकडा हळूच खणात टाकला. फेकून द्यायचा सोडून का ठेवला, हे तिने स्वतःलाही विचारलं नाही.

तिच्याकडे एक लांब स्क्रूड्रायव्हर होता. चालत्या इंजिनावर त्याचं टोक टेकवायचं, मूठ कानाशी धरायची, की आत काय दुखतंय ते तिला कळायचं. बाबांचे कान हातोड्यांच्या आवाजात कधीच गेले होते. ते इंजिनावर तळहात ठेवून अंदाज घ्यायचे, आणि शेवटचा निवाडा मात्र तिच्या कानांवर सोपवायचे. गावात तिच्या कानांचा दबदबा होता. गाडी वळणावर असतानाच ती सांगायची, कुणाची आहे आणि काय बिनसलंय.

मोजणीवाल्याने ते पहिल्यांदा पाहिलं आणि तेव्हापासून तो तिला डॉक्टरीणबाई म्हणायला लागला.

"डॉक्टरीणबाई, माझं पण बघता का जरा? इथे डाव्या बाजूला हल्ली ठोके पडतात."

"किती वाजता पडतात?"

"इकडे यायला निघालो की."

"चढ आहे रस्त्याला," ती स्पॅनर शोधत म्हणाली. तो हातातच होता.

व्हॉल्व्ह घासायचं काम आलं त्या संध्याकाळी बाहेर भुरभुर पाऊस होता आणि पत्र्यावर त्याची बारीक कुजबुज चालली होती. व्हॉल्व्हच्या कडेला पेस्ट लावायची, काठीचं रबरी टोक त्याला चिकटवायचं आणि काठी दोन तळव्यांमध्ये फिरवत राहायची. घाई केली की बिघडतं. तिने काठी त्याच्या हातात दिली.

"हळू. दाबू नका. आधी खरखरेल. मग आवाज मऊ होईल, तेव्हा थांबायचं."

तो फिरवत राहिला. ती बाजूला बसून ऐकत राहिली. खरखर हळूहळू विरत गेली.

"आता?" त्याने विचारलं.

"अजून जरा..."

आवाज मऊ होऊनही गेला होता. हे तिला कळलं होतं, तरी ती 'अजून जरा' म्हणाली होती. मग तिने वरून रॉकेल ओतलं. व्हॉल्व्ह नीट बसला असेल तर खाली थेंबही उतरत नाही. दोघं डोकी जवळ आणून त्या कडेकडे बघत बसली. त्याच्या अंगाला ओल्या कागदाचा वास येत होता. थेंब उतरला नाही. दोघंही उठली नाहीत.

"झालं ना?" बऱ्याच वेळाने तो हळूच म्हणाला.

"हं... झालं."

बाबा मागच्या ओसरीवरून आत आले तेव्हा दोघं एकदम लांब सरकली. बाबांना ऐकू येत नसलं तरी त्यांची दृष्टी ठणठणीत होती. हेडवर, म्हणजे इंजिनाच्या डोक्यावर, तळहात फिरवून त्यांनी मोजणीवाल्याला वर्कशॉपचा रिवाज तेवढा सांगितला, नेहमीसारखा चढ्या आवाजात. नवं बांधलेलं इंजिन पहिले पाचशे किलोमीटर जपून चालवायचं. तेवढ्यात सगळे भाग एकमेकांना ओळखतात, आणि हेडचे नट थोडे सैल पडतात. ते पुन्हा आवळायचे, आणि ज्याने बसवले त्यानेच आवळायचे. दुसऱ्याचा हात लावायचा नाही. "हाताला आठवण असते," बाबा म्हणाले.

*

इंजिन सुरू झालं ते तिसऱ्या किकला. आधी एक खोकला, मग धूर, आणि मग... धडधड. केस एका गाडीची, क्रँक दुसऱ्या, हेड तिसऱ्या, आणि रॉकर कुठल्या शेतातल्या इंजिनाचा कोण जाणे, पण सगळे मिळून चालत होते. फक्त त्या परक्या रॉकरमुळे टॅपेट, व्हॉल्व्हजवळचा सांधा, मधूनच वाजायचं. दोनदा सरळ, तिसऱ्यांदा किंचित उशिरा. टिक टिक... टिक.

"हे नीट होईल?" त्याने विचारलं.

"नाही. धोका काही नाही, पण हा आवाज राहणार. असं दुसरं इंजिन जगात नाही."

ती हे इतक्या अभिमानाने म्हणाली, की तो इंजिन सोडून तिच्याकडेच बघत राहिला. मग म्हणाला, "चला, पहिली चक्कर. बसा मागे."

तिचा जीव हरखला. पण जिभेवर मात्र वर्कशॉप होतं. "रनिंग-इनमध्ये डबल सीट चालत नाही. पाचशे होईपर्यंत एकट्यानेच. चाळीसच्या वर नाही. एका दमात लांब जायचं नाही."

"पाचशे होईपर्यंत..." तो थांबला. हँडलवरचा नसलेला डाग पुसला. "मी उद्या निघतोय. मोजणी संपली. दुसरीकडे कायमचं काम मिळालंय, तिथे हजर व्हायचंय."

ती ऐकत होती. इंजिन चालू होतं. टिक टिक... टिक.

"छान झालं की," ती म्हणाली.

"हो ना."

"कायमचं म्हणजे छानच."

"हो..." त्याने चष्मा काढला, पुसला, परत घातला. "मग ते नट? पाचशे झाल्यावर? तिथल्या कुणाकडून आवळून घेतले तर... चालेल?"

सगळा प्रश्न त्या एका शब्दात होता, आणि तिला तो कळलाही होता. 'नाही चालणार, तुम्हाला यावं लागेल,' एवढंच म्हणायचं होतं. पण जो माणूस निघायच्या आदल्या दिवशी सांगतो की मी उद्या निघतोय, त्याच्यापुढे आपण होऊन हात पसरायचा? तिचं नाक लाल झालं.

"न चालायला काय झालं?" ती म्हणाली. "कुणीही आवळेल. नटच तर आहेत."

तो "बरं" म्हणाला आणि गेला. गल्लीच्या टोकापर्यंत टिक टिक... टिक ऐकू येत होतं. ते बंद झाल्यावरही ती तिथेच उभी होती, हातात फडकं घेऊन.

*

त्यानंतर तिचं कामात लक्ष लागेना. परवा जमलेलं आज जमत नव्हतं. तिने एका गाडीत तेल ओतलं आणि खालचा बोल्ट लावायचाच राहिला. सगळं तेल फरशीवर. बाबांनी बघितलं, भुसा आणून टाकला आणि परत मागच्या ओसरीवर जाऊन बसले. त्यांची दुपार तिथेच जायची, मागच्या गल्लीची वर्दळ बघत.

खणात तो शिलाई मशीनचा तुकडा होता. ती खण उघडायची, मिटायची. नकाशांचे कागद नीट घड्या घालून फळीवर ठेवले होते. एका कागदावर त्यांची गल्ली होती, बारीक दोन रेषांची, आणि त्यावर त्याच्या अक्षरात लांबी. तिला त्या आकड्याचाही राग आला. सगळं मोजलं, आणि इथे काय आहे ते नाही मोजता आलं? आणि मग स्वतःचाच राग आला, कारण तोंडाला कुलूप त्याने नव्हतं लावलं. ते तिचं तिनेच लावलं होतं.

सगळ्यात वाईट होती ती दुपार. जेवणं आटोपून वर्कशॉप जरा शांत झालं, की कुठूनतरी लांबून आवाज यायचा... टिक टिक... टिक. अगदी बारीक. मागच्या बाजूने यायचा, क्षणभर मोठा व्हायचा आणि विरून जायचा.

पहिल्या दिवशी ती उठून उभी राहिली. मग तिने स्वतःलाच दटावलं. तो केव्हाच पोचला तिकडे. कुणीतरी परका माणूस त्याचे नट आवळायच्या बेतात असेल. आणि तू इथे उभी आहेस, कान टवकारून. ती खाली बसली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा. मग रोजच. जे कान कुणाचीही गाडी वळणावर ओळखायचे, ते आता भास ऐकायला लागले होते. बाबांना विचारावं असं एकदा मनात आलं. पण बाबांशी बोलायचं म्हणजे ओरडायचं, आणि काही गोष्टी ओरडून विचारता येत नाहीत. शिवाय त्यांना काय ऐकू येणार होतं?

शेवटी तिने यावर उपाय काढला. जेवण झालं की दोन्ही कानांत कापसाचे बोळे घालायचे आणि कामाला लागायचं. कापसाने आवाज थांबला. तो यायची वाट बघणं मात्र थांबलं नाही. ती वेळ झाली की हात आपोआप मंदावायचे. आत काहीतरी दाराशी येऊन उभं राहायचं, आणि बराच वेळ जायचं नाही.

*

अशीच ती एक दिवस पाठमोरी बसली होती, कानांत कापूस, हातात कार्बोरेटर. समोरच्या भिंतीवर सावली पडली. ती वळली.

दारात मोटरसायकल उभी होती. टाकीवर धुळीचा थर. आणि शेजारी तो, चष्म्याच्या काचेवर अंगठ्याचा ठसा घेऊन.

कार्बोरेटरचा एक स्क्रू तिच्या हातून सुटला आणि कुठेतरी गडगडत गेला.

"पाचशे झाले," तो म्हणाला. तिला ओठ हललेले दिसले. तिने घाईघाईने एका कानातला बोळा काढला.

"काय?"

"पाचशे झाले. नट आवळायचेत." मग त्याने बोळ्याकडे बघितलं. "कानांना काय झालं?"

"काही नाही. आवाज फार होतो."

"कशाचा?"

"...असाच." तिने बोळा खिशात टाकला. "तुम्ही तर तिथल्याच कुणाकडून आवळून घेणार होतात."

"या बाजूला काम होतं." त्याने नजर वळवली. "पटकन होईल ना? उद्या सकाळी हजर व्हायचंय. आज निघायलाच हवं."

"इंजिन तापलंय. थंड झाल्याशिवाय नट आवळता येत नाहीत."

"किती वेळ?"

"बसावं लागेल."

तो खोक्यावर बसला. ती समोर बसली. मध्ये ते इंजिन, तापलेल्या धातूचे बारीक कट् कट् आवाज करत निवत होतं. किती बोलायचं होतं, आणि दोघंही त्या इंजिनाकडे असं बघत होती, जणू तेच आधी काहीतरी बोलणार होतं.

"रस्ता कसा होता?" तिने विचारलं.

"बरा."

"नवी जागा?"

"बघितली नाही अजून."

याचा अर्थ तिला लागायच्या आत मागचं दार वाजलं आणि बाबा आत आले. त्यांनी मोजणीवाल्याला पाहिलं आणि त्यांचा चेहरा फुलला.

"अरे, आज पुढच्या दाराने?" बाबा गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. "मी मागे वाट बघतोय तुझी. म्हटलं, आज हात कसा केला नाही पोराने."

मोजणीवाला कानापर्यंत लाल झाला.

ती बाबांकडे बघत राहिली. मग त्याच्याकडे. दुसऱ्या कानातला बोळा तिने हळूहळू बाहेर काढला.

"बाबा," ती ओरडली, "हा रोज जातो मागून?"

"रोज. दुपारी. चाळीसच्या आत, अगदी शिस्तीत. मी हात करतो, तो हात करतो." बाबांना यात विचारण्यासारखं काय आहे तेच कळेना. "मला वाटलं, तुला माहीत असेल. तुला तर सगळं ऐकू येतं."

एवढं बोलून ते तेलाचा डबा घेऊन पुन्हा मागे गेले, आणि जाताना दार ओढून घेतलं. ते दार एरवी ते कधी ओढत नसत.

इंजिनाचं कट् कट् थांबलं होतं.

"तुम्ही गेलाच नाहीत?" तिने विचारलं.

"गेलो होतो. गावाच्या वेशीपर्यंत. तिथून मोठा रस्ता लागतो, आणि तुम्हीच म्हणाला होतात की एका दमात लांब जायचं नाही." तो कसंनुसं हसला. "हजर व्हायला अवकाश होता. गावाचे सगळे रस्ते माझे मोजलेलेच. म्हटलं, इथेच फिरून पाचशे करू. आणि रोज एकदा मागच्या गल्लीने जाऊ. तुमचे कान... तुम्हाला गाडी वळणावर असतानाच कळतं. म्हटलं, आवाज ऐकून एकदा जरी बाहेर आलात, तर थांबायचं आणि बोलायचं."

"आणि नाही आले, तर?"

"तर समजायचं, नटच तर आहेत." त्याने खांदे उडवले, पण ते उडवणं काही त्याला जमलं नाही. "तुम्ही आला नाहीत. आज फक्त निरोप घ्यायला आलोय."

तिच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं आणि त्याच वेळी हसू फुटलं. दोन्ही एकदम आवरायला तिच्याकडे हात एकच मोकळा होता. दुसऱ्यात कापूस होता. तिने तो हात त्याच्यापुढे धरला.

"हा त्याचसाठी आहे. रोज ऐकू यायचं मला... टिक टिक, आणि मग उशिराचं ते तिसरं. पहिल्या दिवशी उठले होते मी. मग वाटलं, मनाचे खेळ."

"पण तुमचे कान तर कधी चुकत नाहीत."

"इंजिनाच्या बाबतीत नाही चुकत," ती म्हणाली. "तुमच्या बाबतीत माझा माझ्यावरच भरवसा नव्हता. इतकी आठवण यायची... की म्हटलं, आता हे आवाजही आपणच करतोय."

त्याने तिच्या तळहातावरचा कापूस उचलला आणि शर्टाच्या खिशात ठेवला, डाव्या बाजूच्या.

तिने हेडवर तळहात ठेवून पाहिला. थंड होतं. मग ती उठली, स्पॅनर घेतला आणि कामाला लागली. एक नट, मग त्याच्या तिरप्या समोरचा, मग पुढचा. प्रत्येक नट अगदी किंचित फिरत होता. तिने बसवले होते तेव्हापासून कुणाचा हात त्यांना लागला नव्हता. हे तिला पहिल्याच नटाला कळलं.

"कुणीही आवळलेले चालत नाहीत," ती मान वर न करता म्हणाली. "मी खोटं बोलले होते त्या दिवशी."

"मला माहीत होतं. म्हणजे... होतं असं वाटत होतं."

"तिथून इथे यायला किती वेळ लागतो?"

"सकाळी निघालो तर दुपारी पोचेन. चाळीसच्या आत चालवलं तर संध्याकाळ."

"आता साठपर्यंत चालेल."

"म्हणजे दर सुट्टीला दुपारीच पोचायचं?"

"पुढच्या दाराने," ती म्हणाली.

टॅपेटवर तिने फक्त बोट ठेवलं आणि काढून घेतलं. त्याचा आवाज तसाच राहू दिला. तेल बदललं, झाकण बसवलं, हात पुसले. त्याने किक मारली. पहिल्याच किकला इंजिन लागलं. टिक टिक... टिक. तो गेल्यापासून पहिल्यांदाच, अगदी जवळून, आणि कानांत काही नसताना तिने तो आवाज ऐकला. तिला रडू येईल असं वाटलं, म्हणून ती उगाच टाकी पुसायला लागली.

तो गाडीवर बसला. निघायची वेळ खरंच झाली होती. उन्हं कलली होती आणि पुढचा रस्ता लांबचा होता. त्याने हेल्मेट घातलं, पट्टा लावला, पुन्हा काढला. गिअर टाकला नाही.

"मग..." तो म्हणाला.

तिने फडकं खुंटीवर टांगलं. एप्रन काढला. मागच्या दाराकडे तोंड करून ओरडली, "बाबा, मी वेशीपर्यंत जाऊन येते."

"ये," मागून आवाज आला. बाबांना काहीच ऐकू येत नाही, असं सगळा गाव म्हणतो.

ती त्याच्या खांद्यावर हात ठेवून सीटवर चढली.

"रनिंग-इन संपलं," ती म्हणाली. "आता डबल सीट चालते. सरक पुढे."